ऑक्साइडमधली वीज आणि उत्प्रेरकाचे काम

दर्यापूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ



धातू आणि प्राणवायू यांच्या संयुगाला ऑक्साइड म्हणतात. लोखंडावरचा गंज हा ऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगातले टिटॅनियमचे संयुग हा ऑक्साइड, बॅटरीच्या सेलमधली काळी पूड हाही ऑक्साइडच. या पदार्थांच्या अंगी दोन गुण असतात. एक, त्यांच्यातून वीज कमी-अधिक प्रमाणात वाहते. दुसरा, त्यांच्या पृष्ठभागावर काही रासायनिक क्रिया वेगाने घडतात आणि क्रिया उरकली तरी ऑक्साइड होता तसाच उरतो. म्हणजे ते उत्प्रेरक असतात. आजचा प्रश्न एवढाच, की पहिल्या गुणावरून दुसरा ओळखता येतो का?

प्रश्न निव्वळ जिज्ञासेचा नाही. पदार्थाचा रोध मोजायला थोडा वेळ आणि साधे यंत्र पुरते. उत्प्रेरक पारखायला मात्र भट्टी लागते, वायूंच्या टाक्या लागतात, बाहेर पडणाऱ्या वायूचे पृथक्करण करावे लागते, आणि तो टिकतो की मरतो हे कळायला आठवडे जातात. मग मीटरच्या काट्यावरूनच उत्प्रेरक निवडता आला तर? रसायनशास्त्राने ही आशा गेली ८०-९० वर्षे सोडलेली नाही. ती अर्धी खरी ठरली, आणि तिचा खोटा ठरलेला अर्धा भाग जास्त शिकवून गेला.

आधी वाहकतेचे बघू. सगळे ऑक्साइड एका माळेचे मणी नाहीत. मॅग्नेशियम ऑक्साइड हा पक्का विद्युतरोधक; त्याची रोधकता खोलीच्या तापमानाला १०० लाख कोटी ओहम-सेंटिमीटरच्याही पुढे जाते. रुथेनियम डायॉक्साइड मात्र धातूसारखा वीज वाहतो. त्याची रोधकता एका ओहम-सेंटिमीटरच्या लाखाव्या भागाच्या तीन-चार पट, एवढीच. या दोन टोकांमध्ये एकोणीस-वीस शून्यांचे अंतर आहे. पदार्थाच्या दुसऱ्या कुठल्याही गुणधर्मात एवढी तफावत क्वचितच सापडते. बहुतेक उपयोगी उत्प्रेरक या दोन टोकांच्या मधले, म्हणजे अर्धवाहक असतात.

अर्धवाहक ऑक्साइडमध्ये वीज कुठून येते? त्याच्यातल्या खोटीतून. शाळेच्या प्रयोगशाळेत झिंक ऑक्साइडची पांढरी पूड परीक्षानळीत तापवली की ती पिवळी होते आणि थंड झाल्यावर पुन्हा पांढरी पडते. तापल्यावर तिच्यातला थोडासा प्राणवायू निघून जातो. प्राणवायू जाताना आपले दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो आणि हे मागे राहिलेले इलेक्ट्रॉन वीज वाहून नेतात. अशा ऑक्साइडला एन प्रकारचा अर्धवाहक म्हणतात. झिंक, टिटॅनियम, कथील, व्हॅनेडियम यांचे ऑक्साइड या घरातले. निकेल ऑक्साइडची तऱ्हा उलटी. त्यात निकेल आणि प्राणवायू बरोबरीने असले तर तो हिरवा असतो आणि जवळपास रोधक असतो. हवेत भाजून त्यात प्राणवायू थोडा जास्त झाला की तो काळपट होतो. आता काही निकेल अणूंना दोनाऐवजी तीन इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. ही जी इलेक्ट्रॉनची उणीव, तिला होल म्हणतात. होल एका निकेलवरून दुसऱ्यावर सरकत जाते आणि वीज वाहते. हा पी प्रकार. निकेल, कोबाल्ट आणि तांब्याचा क्युप्रस ऑक्साइड या घरातले.

ही खोट हवी तशी घालताही येते. नेदरलँडमधल्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत फेरवाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली निकेल ऑक्साइडमध्ये थोडे लिथियम मिसळून दाखवले. लिथियमला एकच इलेक्ट्रॉन देता येतो. म्हणून हिशोब पुरा करायला शेजारच्या निकेलला तीन द्यावे लागतात. काही टक्के लिथियमने रोध दहा लाख पटींहूनही कितीतरी खाली आला. म्हणजे वाहकता हा नशिबाचा भाग राहिला नाही. ती हातात आली. आणि ती हातात आल्याबरोबर उत्प्रेरणाच्या अभ्यासकांनी तिच्यावर झडप घातली.

त्याआधीच एक मोठा इशारा मिळालेला होता. १९३८ साली जर्मनीत वॅग्नर आणि हाउफे यांनी निकेल ऑक्साइडवरून नायट्रस ऑक्साइड वायू सोडला आणि क्रिया चालू असतानाच त्याची वाहकता मोजली. हा वायू आपल्याला परका नाही. शेतात टाकलेल्या युरियातल्या नत्राचा काही अंश मातीतले जिवाणू याच वायूच्या रूपाने हवेत सोडतात. नत्राम्लाच्या कारखान्यातही तो निघतो. हवेची उष्णता वाढवण्यात त्याचा एक किलो कर्बवायूच्या सुमारे २७० किलोंना भारी पडतो. निकेल ऑक्साइडवर तो मोडला, त्याचा नायट्रोजन उडून गेला आणि प्राणवायूचा अणू पृष्ठभागावर चिकटला. चिकटताना त्याने ऑक्साइडकडून एक इलेक्ट्रॉन घेतला आणि होलांची संख्या वाढली. वाहकता तेवढ्याने वर गेली. पृष्ठभागावर घडणारी रासायनिक घटना तारेतून बाहेर दिसली, ती अशी.

१९५३ साली डेल, स्टोन आणि टायली यांनी याच वायूच्या विघटनासाठी अनेक ऑक्साइडांची रांग लावली. रांगेचा क्रम पाहण्यासारखा आहे. सर्वात पुढे पी प्रकारचे : क्युप्रस, कोबाल्ट, निकेल. हे सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या आतच कामाला लागतात. मधोमध मॅग्नेशियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम यांचे रोधक ऑक्साइड. सर्वात मागे एन प्रकारचे : झिंक, कॅडमियम, टिटॅनियम. कारणही सरळ दिसले. चिकटलेला प्राणवायू पृष्ठभागावरून उठून जाणे, हा या क्रियेतला सर्वात मंद टप्पा. उठताना तो आपला इलेक्ट्रॉन परत करतो. तो इलेक्ट्रॉन घ्यायला पी प्रकाराकडे होल तयारच असतात. एन प्रकाराला ते जड जाते.

इतका नीटनेटका क्रम मिळाल्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही? रशियात व्होल्केन्श्टाइन यांनी उत्प्रेरणाचा सगळा इलेक्ट्रॉनी सिद्धान्तच उभा केला. ऑक्साइडमधल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळी कळली की उत्प्रेरक कळला, असे वाटू लागले. पन्नासच्या दशकात हा सिद्धान्त भरात होता.

पुढची परीक्षा सोपी दिसत होती. फेरवाय यांच्या पद्धतीने निकेल ऑक्साइडमध्ये लिथियम घालावे, होल वाढवावेत आणि त्यावर कार्बन मोनॉक्साइड जाळून पाहावा. परावानो यांनी १९५३ साली तेच केले. लिथियम घातल्यावर सक्रियण ऊर्जा, म्हणजे क्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा, वाढली; म्हणजे उत्प्रेरक बिघडला. पुढच्याच वर्षी श्वाब आणि ब्लॉक यांनीही तेच केले. लिथियम घातल्यावर सक्रियण ऊर्जा कमी झाली, म्हणजे उत्प्रेरक सुधारला! तोच ऑक्साइड, तीच भेसळ, तीच क्रिया, आणि निष्कर्ष एकदम उलटे.

दोघांपैकी खोटे कोण? कोणीच नाही. परावानो खालच्या तापमानात काम करत होते, श्वाब वरच्या. क्रियेचे अनेक टप्पे असतात आणि तापमान बदलले की सर्वात मंद टप्पाही बदलतो. एका ठिकाणी प्राणवायू चिकटणे अवघड जात होते, दुसऱ्या ठिकाणी कार्बन मोनॉक्साइडने इलेक्ट्रॉन देणे. जी वाहकता एका टप्प्याला मदत करते तीच दुसऱ्याला अडवते. शिवाय पूड भाजताना लिथियम स्फटिकाच्या पोटात जितके असते तितकेच पृष्ठभागावर असेल, याची हमी कोण देणार? मीटर पोटातला प्रवाह मोजतो. क्रिया घडते ती कातडीवर.

याहून मोठा घाव वाइझ यांनी १९५३ मध्येच घातला होता. पृष्ठभागावर प्राणवायू ऋणभार घेऊन बसत गेला की त्याच्या खालच्या थरातले इलेक्ट्रॉन संपत जातात आणि नव्याने येणाऱ्याला ढकलून देणारे विद्युतक्षेत्र तयार होते. वाइझ यांनी हिशोब केला. निव्वळ भाराच्या जोरावर पृष्ठभागाच्या हजारात एक ते शंभरात एक एवढीच जागा भरू शकते. चांगल्या उत्प्रेरकावर तर कितीतरी जास्त जागा कामात असते. मग उरलेली जागा कशाच्या बळावर काम करते? स्फटिकभर पसरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळीकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते पृष्ठभागावरच्या एकेका धातुअणूकडे आणि त्याला बांधलेल्या प्राणवायूकडे होते.

ते उत्तर पुन्हा नेदरलँडमधूनच आले. १९५४ साली मार्स आणि व्हॅन क्रेव्हेलन हे व्हॅनेडियम ऑक्साइडवर नॅफ्थलीन, म्हणजे डांबरगोळीतला पदार्थ, बेंझीन, टोल्युइन अशी द्रव्ये जाळत होते. त्यांना असे दिसले की हवेतला प्राणवायू थेट नॅफ्थलीनला जाऊन मिळत नाही. नॅफ्थलीन आधी ऑक्साइडच्या जालकातला, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीतला, प्राणवायू काढून घेते. ऑक्साइडला भोक पडते. नंतर हवेतला प्राणवायू येऊन ते भोक बुजवतो. म्हणजे उत्प्रेरक स्वतः अखंड मोडत असतो आणि अखंड जोडला जात असतो. पुढे १९७० साली अमेरिकेत क्युल्क्स यांनी प्रॉपिलीनवर बिस्मथ मॉलिब्डेटचा प्रयोग करताना हवेत १८ अणुभाराचा जड प्राणवायू घातला. तयार झालेल्या ॲक्रोलीनमध्ये सुरुवातीला जड प्राणवायू जवळपास सापडलाच नाही. त्यात होता तो जालकातला साधा प्राणवायू. वादाला जागा उरली नाही.

हे एकदा मान्य केले की वीज आणि उत्प्रेरण यांचे नाते स्वच्छ दिसते. जालकातून प्राणवायू जाताना दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात. ते धातूच्या अणूंना सामावून घ्यावे लागतात, म्हणजे धातूची संयुजा बदलावी लागते : पाच संयुजेचे व्हॅनेडियम चारवर येते, तीनचे लोखंड दोनवर. आणि ऑक्साइडमध्ये वीज वाहते तीही बहुतेक वेळा याच मार्गाने. चार संयुजेच्या व्हॅनेडियमवरचा इलेक्ट्रॉन शेजारच्या पाच संयुजेच्या व्हॅनेडियमवर उडी मारतो. संयुजा सहज बदलते म्हणून वीज वाहते, आणि संयुजा सहज बदलते म्हणूनच उत्प्रेरण होते. दोन्हींचे मूळ एक. पण एकामुळे दुसरे घडते, असे नाही. वाहकता ही या प्रकरणातली साक्षीदार आहे. तिला कर्ता समजले की गोंधळ होतो.

ही साक्ष कशी घेतात ते एका उदाहरणावरून पाहू. तळोज्याला आय. जी. पेट्रोकेमिकल्सच्या कारखान्यात ऑर्थोझायलीनपासून थॅलिक ॲनहायड्राइड बनते. प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रव्यांचा आणि रंगांचा हा कच्चा माल. त्यासाठीचा जगभर रूढ असलेला उत्प्रेरक म्हणजे टिटॅनियम डायॉक्साइडवर बसवलेला व्हॅनेडियम ऑक्साइड. अशा उत्प्रेरकातून वीज मोजत बसले, तर झायलीन आल्याबरोबर वाहकता चढते आणि नुसती हवा सोडली की उतरते. फ्रान्समध्ये ल्यों येथे एर्मान यांनी अशी मोजमापे वर्षानुवर्षे केली. चढ-उताराचा वेग पाहिला की मोडणे जलद आहे की जुळणे, हे कळते.

आता युरियाकडे. थळच्या आरसीएफ कारखान्यातून निघालेले पोते वऱ्हाडातल्या शेतावर येते. त्यामागच्या भट्ट्यांमध्ये एक ऑक्साइड बसलेला असतो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढताना कार्बन मोनॉक्साइड बरोबर येतो. तो नको असतो. म्हणून त्याला वाफेबरोबर ३५० ते ४५० अंशांना लोह-क्रोमियम ऑक्साइडवरून नेतात. वाफेतला प्राणवायू मोनॉक्साइडला मिळून कर्बवायू होतो आणि हायड्रोजन मोकळा होतो. गंमत अशी की दोन्ही कामाचे ठरतात. हायड्रोजनचा अमोनिया होतो आणि त्या अमोनियाला हाच कर्बवायू जोडून युरिया होतो. उत्प्रेरक भरताना तांबड्या रंगाचा असतो, म्हणजे तीन संयुजेच्या लोखंडाचा हेमॅटाइट. भट्टी सुरू करताना वाफ आणि वायू मोजून सोडून त्याचा काळा मॅग्नेटाइट करतात. वाफ कमी पडली तर तो आणखी खाली जाऊन धातूरूप लोखंड होतो आणि नको त्या क्रिया सुरू होतात. म्हणून हे काम चालवणारे लोक वाफेच्या प्रमाणावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात.

मॅग्नेटाइटच का? त्याच्या जालकात एकसारख्या जागांवर दोन आणि तीन संयुजेचे लोखंड शेजारी शेजारी बसलेले असते. इलेक्ट्रॉन त्यांच्यात सहज ये-जा करतो. म्हणून तो हेमॅटाइटपेक्षा लाखो पटींनी वीज जास्त वाहतो. ही ये-जा सुमारे १२० केल्विनच्या खाली एकाएकी अडते, हे १९३९ साली दाखवणारे तेच फेरवाय. भट्टीत मोनॉक्साइड प्राणवायू काढून घेतो तेव्हा तीनचे लोखंड दोनचे होते; वाफ प्राणवायू परत देते तेव्हा दोनचे तीन. वीज वाहणे आणि उत्प्रेरण एकाच लोखंडाच्या एकाच खेळाने घडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. यात क्रोमियमचा इलेक्ट्रॉनांशी फारसा संबंध नाही. ते कण एकमेकांना चिकटून मोठे होऊ नयेत म्हणून असते.

मग जास्त वीज वाहणारा ऑक्साइड हा हमखास चांगला उत्प्रेरक, असे धरावे का? इथे विदर्भाच्याच मातीतला एक ऑक्साइड आडवा येतो. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मॉइल कंपनीची मँगनीजची उघडी खाण आहे. तिथले मँगनीज डायॉक्साइडचे खनिज सुक्या बॅटरीच्या धंद्यात जाते, आणि वीज वापरून शुद्ध मँगनीज डायॉक्साइड बनवण्याचा कारखानाही तिथेच आहे. जुन्या पिढीतल्या प्रत्येकाने हा पदार्थ हाताळलेला आहे : पोटॅशियम क्लोरेटमध्ये ही काळी पूड मिसळून तापवायची आणि प्राणवायू गोळा करायचा, हा शाळेतला ठरलेला प्रयोग.

मँगनीज डायॉक्साइडचे स्फटिक अनेक घडणींचे असतात. बीटा घडण, म्हणजे पायरोल्युसाइट, सर्वात दाट आणि निर्दोष, आणि वीज वाहण्यात बॅटरीतल्या गॅमा घडणीच्या पुढे. तरीही कार्बन मोनॉक्साइड जाळण्याच्या चाचणीत अल्फा आणि गॅमा पुढे निघून जातात आणि बीटा मागे राहते. अल्फा-गॅमामध्ये बोगदे असतात, पाणी असते, चारच्या जोडीला तीन संयुजेचे मँगनीज असते, आणि त्यांचा प्राणवायू सैल बसलेला असतो. बीटाचा प्राणवायू घट्ट. इलेक्ट्रॉन कितीही धावले तरी प्राणवायू सुटत नसेल तर जाळायचे कशाने? पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या मुखवट्यात वापरलेला हॉपकलाइट हाही मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडांचा गचाळ, बिनघाटी, अर्धवट स्फटिक मिश्रणच होता. तापवून त्याला सुबक स्फटिकी केला की तो निकामी होतो.

दुसरे उदाहरण लॅन्थनम कोबाल्टाइटचे. पेरोव्हस्काइट घराण्यातला हा ऑक्साइड १९७० नंतर फार गाजला, कारण गाडीच्या धुराड्यात प्लॅटिनमऐवजी तो चालेल अशी आशा होती. नागपूरच्या नीरी संस्थेनेही मौल्यवान धातूंशिवायच्या पेरोव्हस्काइट उत्प्रेरकांवर बरेच काम केले आहे. या ऑक्साइडमध्ये लॅन्थनमच्या जागी स्ट्रॉन्शियम घालत गेले की होल वाढतात आणि वाहकता चढत जाते. जपानी अभ्यासकांनी १९८० च्या दशकात प्रोपेन जाळून पाहिला, तर उत्प्रेरकाची ताकद स्ट्रॉन्शियम साधारण पाचव्या हिश्श्याला पोहोचेपर्यंतच वाढली आणि पुढे घसरली. वाहकता वर चाललेली, उत्प्रेरण खाली. कारण पुन्हा तेच : प्राणवायू सुटणे सोपे झाले, पण रिकामी जागा हवेतल्या प्राणवायूने भरून येणे अवघड झाले.

जिथे प्राणवायूची देवघेवच नाही, तिथे वाहकतेचा प्रश्न मुळातच गैरलागू. ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, वीज वाहत नाही, तरी अल्कोहोलमधले पाणी काढून इथिलीन करण्यात तो पटाईत, कारण ते काम आम्ल जागांचे. मॅग्नेशियम ऑक्साइड अल्कधर्मी कामांत चांगला. याबद्दल यापेक्षा जास्त बोलण्याचे कारण नाही.

एके ठिकाणी मात्र वाहकता साक्षीदार न राहता अट बनते, आणि ते म्हणजे इलेक्ट्रोड. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवतात. त्यात पूर्वी ग्राफाइटचे कांब झिजून जात. १९६० च्या दशकात हेन्री बीअर यांनी टिटॅनियमच्या पत्र्यावर रुथेनियम आणि टिटॅनियम यांच्या मिश्र ऑक्साइडचा थर दिला. हा थर धातूसारखा वीज वाहतो, क्लोरीन चांगला काढतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. पिण्याच्या पाण्यासाठी मिठापासून जागेवरच जंतुनाशक द्रव बनवणाऱ्या यंत्रांत हाच थर असतो. इथे वाहकता नसेल तर उत्तम उत्प्रेरकही फुकट, कारण इलेक्ट्रॉन पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाहीत. सेलमध्ये मँगनीज डायॉक्साइडच्या जोडीला काजळी कालवतात ती याचसाठी. पण वाहकता पुरेशी झाली की तिची आणखी वाढ कामाला येत नाही. पाण्यातून प्राणवायू काढणाऱ्या पेरोव्हस्काइटांचा २०११ साली सन्टिव्हिच आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तेव्हा सर्वात चांगला उत्प्रेरक ठरला तो, ज्याच्या धातुअणूच्या एका ठरावीक पातळीत सुमारे एकच इलेक्ट्रॉन असतो. जास्त नको, कमी नको.

आतापर्यंत बोललो ते इलेक्ट्रॉनांच्या वाहकतेबद्दल. काही ऑक्साइडांमधून प्राणवायूचे आयनच वाहतात. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा गाड्या आल्या आणि दर्यापूरच्या गॅरेजात ओटू सेन्सर हा शब्द रुळला. मोटारसायकलच्या सायलेन्सरच्या नळीत बसवलेला हा बोटभर नग. त्यात यिट्रियम मिसळलेला झिर्कोनियम ऑक्साइड असतो. तापल्यावर त्यातून प्राणवायूचे आयन जातात आणि धुरातला प्राणवायू आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकाने विद्युतदाब तयार होतो : पेट्रोल जास्त झाले तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली तर ०.१ व्होल्ट. त्याच नळीत पुढे उत्प्रेरकाचा मधपोळ्याच्या घडणीचा ठोकळा असतो. त्यात सिरियम-झिर्कोनियम ऑक्साइड प्राणवायू साठवतो आणि लागेल तसा सोडतो. दोन्ही ऑक्साइड एकाच जातीच्या जालकाचे. पहिल्यात धातू संयुजा बदलत नाही, म्हणून फक्त आयन वाहतात आणि तो मापक होतो. दुसऱ्यात सिरियम चारवरून तीनवर येते, म्हणून तो उत्प्रेरकाचा जोडीदार होतो.

सेन्सरमधल्या याच झिर्कोनियम ऑक्साइडने, म्हणजे झिर्कोनियाने, इलेक्ट्रॉनी सिद्धान्ताचा जुना वाद मिटवला. ग्रीसमधल्या पात्रा येथे वायेनास यांनी १९८० च्या दशकात झिर्कोनियावर प्लॅटिनमचा पातळ थर दिला, त्यावर इथिलीन जाळले आणि बाहेरून थोडा विद्युतदाब दिला. क्रिया कित्येक पटींनी वेगवान झाली. दाबाने जेवढा प्राणवायू आत ढकलला, त्यापेक्षा कितीतरी जास्त इथिलीन जळले. पृष्ठभागाची विद्युतस्थिती बदलली की उत्प्रेरण बदलते, हे व्होल्केन्श्टाइन यांचे मूळ म्हणणे एवढ्यापुरते खरेच होते.

गॅसगळतीचा इशारा देणारा संवेदक हा या नात्याचा सर्वात स्वस्त पुरावा. तापवलेल्या कथिलाच्या ऑक्साइडवर हवेतला प्राणवायू बसतो, इलेक्ट्रॉन अडकवतो आणि रोध वाढतो. स्वयंपाकाचा गॅस आला की तो त्या प्राणवायूशी जळतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध कोसळतो आणि भोंगा वाजतो. कण सहा नॅनोमीटरच्या खाली गेले की सगळा कणच या देवघेवीत ओढला जातो आणि संवेदक एकदम तीक्ष्ण होतो, हे जपानात यामाझोए यांच्या गटाने १९९१ साली दाखवले. अशा संवेदकांवर अमरावतीत आणि अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात बरेच संशोधन झाले आहे. म्हणजे तापवलेल्या ऑक्साइडवर वायू सोडून रोध वाचण्याचे कसब इथे आहेच.

आता प्रयोगशाळेतल्या एका सवयीबद्दल. लॅन्थनम आणि कोबाल्टचे नायट्रेट पाण्यात विरघळवतात, त्यात सायट्रिक आम्ल घालतात आणि आटवतात. गुलाबी द्रावण घट्ट होते, फुगते. भाजल्यावर काळी, हलकी पूड हाती येते. तिची दाबयंत्रात गोळी करतात, दोन्ही अंगांना चांदीचा लेप लावतात आणि खोलीच्या तापमानाला, साध्या हवेत रोध मोजतात. दुसरीकडे त्याच पुडीवर ३०० अंशांना वायू जाळतात. मग प्रबंधात दोन आकडे शेजारी मांडून संबंध जोडला जातो. काय अर्थ आहे त्याला? पहिला आकडा थंड, दाबलेल्या, प्राणवायूने भरलेल्या गोळीचा. दुसरा तापलेल्या, सैल, प्राणवायू गमावत असलेल्या पुडीचा. त्यातून चांदी स्वतःच कार्बन मोनॉक्साइड जाळते. भरपूर लेप लावलेली गोळी वायूत ठेवली तर उत्प्रेरक कोण, ऑक्साइड की चांदी, हेच कळत नाही.

योग्य मोजमाप फार महाग नाही. नळीची भट्टी, दोन वायूंचे प्रवाहमापक, संपर्काचा रोध वगळण्यासाठी चार तारांची जोडणी आणि चांदीऐवजी सोन्याचे छोटे संपर्क. पूड कामाच्या तापमानाला आणायची, हवा बंद करून जळणारा वायू सोडायचा, रोध कोणत्या दिशेला आणि किती वेगाने जातो ते टिपायचे. मग पुन्हा हवा सोडून रोध पूर्वपदावर यायला किती वेळ लागतो, ते टिपायचे. पहिला वेग म्हणजे प्राणवायू सुटण्याचा, दुसरा म्हणजे तो भरून येण्याचा. लॅन्थनम कोबाल्टाइटचे शिखर पाचव्या हिश्श्यापाशीच का, याचे उत्तर या दोन वेगांत सापडते. खोलीच्या तापमानाच्या आकड्यात ते कधीच सापडणार नाही.

म्हणून दर्यापूर, अकोला, अमरावतीच्या महाविद्यालयांतल्या संशोधक मित्रांना एकच विनंती. पुढच्या प्रबंधातून 'खोलीच्या तापमानाला हवेत मोजलेली वाहकता' हा स्तंभ काढून टाकावा आणि त्याच्या जागी हे दोन वेग द्यावेत. प्रयोगाला पदार्थही जवळच आहे. डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजपासून त्याची सुरुवात करता येईल.